काकूचे नाड्यांचे बूट

आमच्या घराण्यात बाईची चप्पल ही पायात कमी आणि हातात जास्त राहणारी वस्तू होती. ओट्यावर घरातलं थोरलं माणूस बसलेलं असलं, की सुनेनं दारातच चप्पल काढायची, डाव्या हातात धरायची, उजव्या हातानं पदर सावरायचा आणि गल्लीच्या वळणापर्यंत अनवाणी जायचं. वळण पार झालं की मग चप्पल पायात. येताना याच्या उलट. लेकींना यातून सूट होती, सुनांना नव्हती. उन्हाळ्यात अमरावतीची जमीन अशी तापायची की पाऊल टेकवलं न टेकवलं तोच दुसरं उचलावं लागे, पण म्हणून कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. परवा माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, मग चप्पल घ्यायचीच कशाला?" मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, कुणाच्या प्रश्नाला अडले नाही, पण या पोरीला उत्तर म्हणून मला काकूच्या बुटांची गोष्टच सांगावी लागली.

मी त्या घरात राहायला आले ती हायस्कूलसाठी. आमचं शेत नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला, तिथं मुलींना पुढं शिकायची सोय नव्हती. म्हणून बाबांनी मला अमरावतीला काकांकडे ठेवलं. काका वकील. स्वभावानं इतके मऊ की कोर्टात हे भांडतात कसे याचं आम्हाला नवल वाटे. शेत बाबांच्या हवाली करून आबाजी, म्हणजे माझे आजोबा, काकांकडेच राहत असत. घर तसं साधंच होतं, पण त्याला रस्त्याच्या बाजूनं लांबलचक ओटा होता आणि तो ओटा आबाजींचा होता. सकाळी उकडपेंडीची ताटली आणि वर कच्च्या तेलाची धार, ते खाऊन झालं की आबाजी सुपारी घेऊन ओट्यावर बसत. त्यांच्या शेजारी त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त नारायणराव. अडकित्त्याचा कटकट आवाज, लांबून सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीचा भोंगा, आणि या दोघांचं कापसाच्या भावावरून भांडण, एवढं झालं की आमच्या गल्लीत सकाळ झाली असं समजायचं. ओट्यावर पक्षकारही येऊन बसत. त्यांना आधी आबाजींच्या उलटतपासणीतून जावं लागे आणि मग काका भेटत.

काकू अकोल्याची. तिचे वडील तिथं मास्तर होते आणि त्यांनी मुलीला बी. ए. होईपर्यंत लग्नाचं नाव काढू दिलं नव्हतं. लग्नानंतर काकांची कायद्याची जाडजूड पुस्तकं पुसता पुसता ती वाचायला लागली आणि वाचता वाचता एक दिवस म्हणाली, मलाही वकिलीच्या परीक्षेला बसायचंय. काकांनी घाबरत घाबरत आबाजींना विचारलं. आबाजी म्हणाले, "बसू दे. घरात दोन वकील असले तं एक तरी जितन." झालं! नागपूरच्या परीक्षेला ती बसली, पासही झाली. तिचा अभ्यास म्हणजे आम्हा सगळ्यांचा अभ्यास होता. ती भाकरी थापायची आणि मी पुस्तक धरून पाटावर बसायची. कलम तिनं म्हणायचं, चुकलं तर मी टोकायचं. भाकरी तव्यावर पडताना जो थप्प आवाज होई त्यावर ती पूर्णविराम घ्यायची. आंबाडीच्या भाजीच्या आणि जवसाच्या चटणीच्या वासात मी फौजदारी कायदा पहिल्यांदा ऐकला, आणि आजही आंबाडी शिजत असली की मला भारदस्त काहीतरी बोलावंसं वाटतं. निकाल लागला त्या दिवशी आबाजींनी गल्लीभर पेढे वाटले. "आमची सून वकिलीन झाली," हे ते भाजीवाल्यालाही सांगत, आणि त्यानं काही म्हटलं नाही तर पुन्हा सांगत.

पण अभिमान वेगळा आणि ओटा वेगळा. काकू पहिल्यांदा कोर्टात निघाली त्या सकाळचं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पांढरी साडी, काळा कोट, गळ्याशी कडक इस्त्रीचे पांढरे बँड, बगलेत फायली आणि डाव्या हातात चप्पल. अशी ती ओट्यावरून खाली मान घालून गेली. त्या वेळी ओट्यावर भातकुलीकडचा एक शेतकरी बसला होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्याचा भावकीशी तंटा होता आणि काकांनी ती केस मुद्दाम काकूला दिली होती. तिची स्वतःची अशी ती पहिलीच केस. तो माणूस काकूच्या हातातल्या चपलेकडे बघत राहिला. ती वळणाआड गेल्यावर उठला, आत आला आणि काकांना म्हणाला, "वकीलसाहेब, माहे कागद वापस द्या. बाई हुशार असन, मी नाई म्हनत नाई. पन मले असा वकील पायजे का ज्याले पाहून समोरचा भेते. हे तं सोताच भिऊन राह्यली." काकांनी खूप समजावलं. तो ऐकेना. कागद घेऊन गेला.

संध्याकाळी काकूला हे कळलं तेव्हा ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. हातपाय धुतले, वांगी चिरायला घेतली आणि चिरता चिरता म्हणाली, "तो खोटं नाही बोलला. मी त्याच्या जागी असती तं मीही कागद नेले असते." मग चिरलेली वांगी पाण्यात टाकून मला विचारलं, "रविवारी अकोल्याले येतं का माह्यासंग?" मी हो म्हटलं. अकोला म्हणजे तिच्या आईच्या हातचे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, एवढंच मला माहीत होतं.

बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला गेलो आणि माहेरी जायच्या आधी काकू मला घेऊन किसन मिस्त्रीच्या दुकानात शिरली. किसन मिस्त्री तरुणपणी कामठीच्या छावणीत गोऱ्या मडमांचे बूट शिवायचा. गोरे गेले, मडमा गेल्या, तसा तो अकोल्याला परतला आणि तेव्हापासून वकील-डॉक्टरांचे जोडे शिवत होता. भिंतीवर ओळीनं कलबूत टांगलेले, म्हणजे ज्यावर जोडा चढवून शिवतात ते लाकडी पाय. सगळे पुरुषांचे. बायकांचे चार-दोन होते, ते वरच्या फळीवर धूळ खात पडले होते. बाईचं माप द्यायचं म्हणजे घरातल्या पुरुषानं तिची जुनी चप्पल कागदात गुंडाळून आणायची, अशी तेव्हाची रीत. बाई स्वतः दुकानात आली आणि स्टुलावर बसून तिनं पाय पुढं केला, हे बघून मिस्त्री उठून उभाच राहिला. त्यानं आतून बायकोला, सखूबाईला, हाक मारली. तिनं जमिनीवर जाड कागद पसरला, काकूचा पाय त्यावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. "बाई, भार टाका. असा भेल्यावानी पाय ठेवसान तं बूट चावन तुमाले," ती म्हणाली. काकू हसली आणि पाय दाबून टेकवला.

"काळे बंद बूट पाहिजेत," काकू म्हणाली, "थोडी टाच असलेले. आणि नाड्यांचे."

मिस्त्रीनं मान वर केली. "नाड्या कायले, बाई? बायकाइचं पायतन कसं चटकन निंघाले पायजे. आमी तसंच बनवतो."

"म्हणूनच नाड्या पाहिजेत," काकू म्हणाली. मिस्त्रीनं मान डोलावली, पण त्याच्या मनात काय शिजतंय ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या वेळी बूट आणायला गेलो तेव्हा ते कोऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते. फडकं उलगडलं आणि मी तर बघतच राहिले. मी पुढं पुष्कळ बूट पाहिले, मुंबईची मोठी दुकानं पाहिली, लेकीनं परदेशातून आणलेले पाहिले. पण तसे बूट पुन्हा पाहिले नाहीत, आणि हे मी म्हातारपणच्या कौतुकानं म्हणत नाही. मद्रासचं काळंभोर चामडं, त्यात खिडकीचा उजेड दिसावा इतकं घोटलेलं. चवड्यावर बारीक भोकांची नक्षी. टाच चामड्याचे थर एकावर एक बसवून केलेली आणि कडेनं अशी तासलेली की थर कुठून सुरू होतो ते नखालाही कळू नये. तळाची शिवण सगळी हातानं, मेण लावलेल्या दोऱ्याची, एकेक टाका ज्वारीच्या दाण्यासारखा. काकूनं ते पायात घातले, नाड्या ओढून गाठ मारली आणि उभी राहिली. तिची उंची वाढली होती आणि तेवढ्यानं तिचा चेहराच बदलला होता.

तेव्हा मिस्त्री पुढं आला, डोळे मिचकावत. "आता एक गंमत सांगतो. टाच दाबा न पाय वढा."

काकूनं ओढला. गाठ जशीच्या तशी, आणि पाय बाहेर! मिस्त्रीनं बुटाच्या जिभेच्या दोन्ही बाजूंना, नाड्यांच्या आड, काळं इलॅस्टिक बसवलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नसता. "मोठ्या घरच्या सुना तुमी," तो म्हणाला. "तुमाले का मी वळखत नाई? म्हातारे मानसं दिसले का झटकन काढा, गल्ली वलांडली का पाय घाला. नाड्याइची हौस बी झाली न घरची रीत बी राह्यली. कामठीत बी कोनी असं केलं नसन."

काकू त्या बुटाकडे बघत राहिली. आधी तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. मिस्त्रीनं किती विचार केला होता, आणि तो सगळा विचार एकच होता, की बाईला ते काढावे लागणारच. "मिस्त्री," ती म्हणाली, "डोकं तुमचं लाखाचं हाय. आता हे शिवून टाका."

"काय शिवून टाकू?"

"इलॅस्टिक. नाड्या सोडल्याबिगर पाय निघाला नाही पाहिजे."

मिस्त्रीचा चेहरा पडला. आपल्या हातच्या सगळ्यात हुशारीच्या कामावर टाके घालायचे म्हणजे त्याच्या जिवावर आलं. त्यानं समजावून पाहिलं, घरात भांडणं होतील म्हणाला, माझ्या नावानं लोक बोटं मोडतील म्हणाला. त्याचं बोलणं संपेपर्यंत सखूबाईनं दोऱ्याला मेण लावलं होतं. "सरका मांगं," ती नवऱ्याला म्हणाली, "बाईनं कोनाले इचारून वकिली केली काय?" आणि तिनं स्वतः आरी घेऊन दोन्ही बूट शिवून दिले. परतीच्या गाडीत काकू ते मांडीवर घेऊन बसली होती. मूर्तिजापूरला कुणीतरी विचारलं, बाळ झोपलं का? आम्ही दोघी बडनेऱ्यापर्यंत हसत होतो.

सोमवारी सकाळी काकूनं आतल्या खोलीत आबाजींच्या पायावर डोकं ठेवून नमस्कार केला. अनवाणी, रीतीप्रमाणे. आबाजींनी नेहमीसारखा आशीर्वाद दिला आणि ते ओट्यावर जाऊन बसले. मग काकू दाराच्या आतल्या पायरीवर बसली, बूट घातले आणि नाड्यांची गाठ मारली. पहिली गाठ सुटली, तिनं ती पुन्हा मारली. मी म्हटलं, "काकू, आज राहू दे." ती म्हणाली, "आज राह्यलं तं जन्मभर राह्यलं." आणि ती बाहेर गेली. ओट्यावर थांबून तिनं आबाजींना हात जोडले, मान लववली आणि चालू लागली. टक, टक, टक. आबाजींचा अडकित्ता उघडा तो उघडाच राहिला. नारायणराव तिच्या पायांकडे बघत होते. वळणापर्यंत तो आवाज येत राहिला. आमच्या गल्लीनं सुनेच्या पावलांचा आवाज त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. मला भीती वाटत होती आणि त्या भीतीहून जास्त अभिमान वाटत होता.

त्या दिवसापासून आबाजी काकूशी बोलेनासे झाले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवताना भाजी लागली तर माझ्याकडे बघून म्हणत, "वाढ." काकू वाढायला आली की हात आडवा धरत. तिनं त्यांच्या आवडीचं पाटवडीचं कालवण केलं, तर ते ताटात तसंच राहिलं. ओट्यावर मात्र न चुकता बसत आणि ती बाहेर पडली की भिंतीकडे तोंड करत. काकांचा जीव दोन्हीकडे ओढला जाई. शेवटी ते काकूला म्हणाले, "मागचं दार हाय ना आपलं. गोठ्याच्या बोळीतनं जात जा. कोणाच्या बापाचं काय जाते?" काकू म्हणाली, "मागच्या दारानं चोर जाते. मी चोरी केली काय? आबाजी माह्या वडलांच्या जागी आहेत. मान मी डोकं टेकवून देते, जन्मभर देईन. पण पाय माहे आहेत." बोलली खरी, पण नंतर स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून कितीतरी वेळ पदरानं डोळे पुसत होती. आबाजींनी तिला शिकू दिलं होतं. ते बोलत नव्हते याचंच तिला दुःख होतं.

आणि मग आबाजींनी जाहीर केलं, मी शेतावर राहायला जातो. काकांना सांगितलं, मला सांगितलं, तिला नाही. ऐकून आम्ही सगळे हबकलो. सासरा सुनेपायी घर सोडून गेला, हे अमरावतीत आणि गावात पसरायला वेळ लागला नसता. मग तिचा कोट आणि बँड कुणी पाहिले नसते, फक्त बूट पाहिले असते. काका म्हणाले, आता तरी ऐक. आबाजी निघायच्या आदल्या संध्याकाळी काकू बूट समोर ठेवून बसली होती. मला वाटलं, आता ही इलॅस्टिकवरचे टाके उसवणार. सकाळी पाहते तर ती पॉलिश लावत होती.

ओट्यावर आबाजींची वळकटी बांधून ठेवलेली, शेतावरून दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, आलेली, बैल झाडाला बांधलेले. नारायणराव निरोप द्यायला म्हणून येऊन बसले होते. मी चहा घेऊन दारात उभी. काकू बाहेर आली. वळकटी पाहून तिचं पाऊल अडखळलं. तिनं हात जोडले. आबाजींनी भिंतीकडे तोंड केलं. ती पायऱ्या उतरून चालू लागली. ती वळणाआड जाते न जाते तोच नारायणराव मोठ्यानं म्हणाले, "काय दिवस आले बाप्पा! सुना जोडे वाजवत म्हाताऱ्याइच्या छातीवरून जाऊन राह्यल्या, न म्हातारे वळकट्या बांधून राह्यले. कोनाची लाजशरम काही राह्यली नाई या घरात."

आबाजी वळले. इतक्या दिवसांत भिंतीकडे असलेला तो चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. लालबुंद झाला होता. नारायणरावांना ते एरवी 'नारायणराव' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "नाऱ्या, तोंड सांभाळ. घर माहं हाय न सून बी माही हाय. मी रुसन, मी बोलन, तू कोन? अरे, सून जज्जाम्होरं जोडे काढत नाई, तं तुह्याम्होरं कावून काढन? तू काय जज्जाहून मोठा झाला?"

नारायणराव ओट्यावर मागं सरकले. आबाजी स्वतःही आपल्या बोलण्यानं दचकल्यासारखे दिसले. मग त्यांनी गाडीवाल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय पाहून राह्यला? सोड ते वळकटी. न बैलाइले पानी दाखव."

मी चहा तिथंच टेकवला आणि पळत सुटले. काकू चौकात तांग्यात चढत होती, एक पाय पायदानावर. मला तसं धापा टाकत आलेलं पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, आबाजी निघून गेले. मी दांडी धरून, श्वास घेत, आबाजींचा एकेक शब्द तिला सांगितला. जज्जाचा, आणि वळकटीचाही.

काकूनं पायदानावरचा पाय खाली घेतला. डोळ्यांतून पाणी कोटावर ओघळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. "पुन्हा सांग," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. तांगेवाला मागं वळून म्हणाला, "बाई, कोर्टाचा टाइम होऊन राह्यला."

"होऊ द्या," काकू त्याला म्हणाली, आणि मला म्हणाली, "तू सांग."